काचगिरीची खीर

शेजारी दूध उतू गेले, की आमच्या घरात सगळे गप्प होत. गंगूमावशींच्या आणि आमच्या घरामधली भिंत पत्र्यापर्यंत पोचत नव्हती. वरच्या हातभर फटीतून त्यांच्याकडचे बोलणे, फोडणी, खोकला आणि जळक्या दुधाचा वास आमच्याकडे येत असे. तो वास आला की आई हातातले काम टाकून सुजाताकडे पाही. दादा, म्हणजे आमचे वडील, तोंडापुढचे वर्तमानपत्र खाली न घेता विचारत, "श्वास कसा हाय तिचा?" नुसत्या वासाने काही होणार नाही, अशी माझी जवळजवळ खात्री होती. पण त्या 'जवळजवळ'मध्येच सगळी भीती राहत होती. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत तिचे श्वास मोजत असे. मिनिटाला वीस. बावीस. पंचवीस झाले की माझे मोजणे चुके.

सुजाता माझी धाकटी बहीण. वय वर्षे नऊ, अंगाने किडकिडीत, प्रश्न विचारण्यात अथक. मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी.ची शेवटची परीक्षा दिली होती आणि नगरहून घरी येऊन निकालाची वाट पाहत होते. पुण्याला जाऊन एम.एस्सी. करायचे, हे मी मनाशी ठरवले होते. आमच्या वस्तीतली कोणी मुलगी तोवर मॅट्रिकच्या पुढे गेली नव्हती, आणि आपण पहिल्या आहोत याचा मला फार ताठा होता. बेलापूरपासून तीन मैलांवर आमचे गाव. दादा साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून होते. त्या दुष्काळाच्या वर्षी प्रवरेच्या पात्रात बायका झिरे खणून वाटी वाटीने पाणी भरत, रेशनवर मिलो, म्हणजे परदेशातली लाल ज्वारी, मिळे, आणि गंगूमावशींची म्हैससुद्धा शेवटी गुरांच्या छावणीत गेली. म्हैस गेली त्या दिवशी मावशी रडल्या. भिंतीच्या अलीकडे आम्हाला मात्र मोकळा श्वास घेतल्यासारखे झाले, आणि तसे झाल्याची लाजही वाटली.

सुजाता सहा वर्षांची असताना कारखान्यातल्या कोणाच्या तरी बढतीचा पेढा तिने खाल्ला होता. त्याआधीही दूध पिऊन तिच्या अंगावर गांधी उठत, पण आई त्याला दृष्ट म्हणे. पेढ्याच्या दिवशी मात्र तिचे ओठ सुजले, डोळे मिटले आणि श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. बेलापूरच्या डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन तिला परत आणले. शुद्ध पुणेरी बोलणारे, फारसे न हसणारे गृहस्थ. ते आईला म्हणाले, "दूध, दही, ताक, तूप, लोणी आणि अंडी. यातले काहीही या मुलीच्या पोटात जाता कामा नये. बोटाला लागलेलेसुद्धा नाही. दर वेळी मी जागेवर असेनच असे नाही."

त्यानंतरच्या सुट्टीत घरी आल्यावर मी मोठ्या उत्साहाने एक योजना मांडली. सुजाताचे ताट, वाटी, पेला आणि पळी वेगळ्या फळीवर ठेवायची. घरच्या इतर भांड्यांचा त्यांना स्पर्श होऊ द्यायचा नाही. प्रयोगशाळेत आम्ही असेच करत होतो. माझे बोलणे पुरे होण्याआधीच आईने हातातला झारा खाली ठेवला.

"येगळं भांडं?"

"तिच्या जिवासाठी, आई."

"मी पाटलाच्या मळ्यात खुरपायला जायची तवा माझा कप येगळा हुता. कान तुटका. गोठ्याच्या वळचनीला खोचलेला. त्यात च्या वरून वतायचे." आईचा आवाज चढला नव्हता. "माझ्या घरात माझ्या लेकीचं भांडं येगळं लागनार न्हाई. दूधच नगं घरात. समद्यांनी सोडायचं."

आणि समद्यांनी सोडले. दादा कोरा चहा पिऊ लागले. घरात तूप येईना, अंडी येईनात. मटण तर पुढे दुष्काळाने आपोआपच सुटले. पाहुणे कोऱ्या चहाकडे बघून म्हणत, "काय हो, कारखान्यात हाय म्हनत्यात, आन् दुधाला म्हाग?" दादा नुसते हसत. आज माझ्या भाचीची मुलगी पुण्याच्या एका हॉटेलात मला घेऊन जाते, तिथे याच खाण्याला 'व्हीगन' म्हणतात आणि पाटीवर हिरवे पान काढतात. मी मुकाट्याने खाते. आमच्या आईने एका दुपारी कशासाठी काय केले, हे त्या पानाच्या चित्रात कुठे मावणार?

आता काचगिरीबद्दल सांगितले पाहिजे. तालुक्याच्या वाचनालयातून दादा सुजातासाठी एका कथामालेचे भाग आणत. काचगिरी नावाचे पारदर्शक डोंगरावरचे राज्य, तिथली उडती साळुंखी, तिथली रत्नावती राणी, आणि प्रत्येक भागाच्या शेवटी विजयाची मेजवानी. एकूण नऊ भाग होते. लेखक बहुधा उपाशी राहून लिहीत असावा, कारण लढाई दोन पानांत उरके आणि जेवण सहा पाने चाले. चांदण्यात शिजवलेला चंद्रभात. ढगाच्या तुकड्यांची मेघवडी. फुंकर मारली तर उडून जाणारी हिमफेणी. आणि सर्वांत शेवटी शुभ्रखीर, जी प्यायल्यावर काचगिरीचे सैनिक अदृश्य होत. यातल्या प्रत्येक पदार्थात दूध, तूप, लोणी, नाहीतर कुठल्या तरी पक्ष्याची अंडी होती. सुजाता ती पाने मोठ्याने वाची, आवंढा गिळी आणि पुस्तक मिटून ठेवी. ती कधी काही मागत नसे. पांढरा पदार्थ दिसला की दोन्ही हात पाठीमागे घेई. तिचे ते हात पाठीमागे घेणे मला पाहवत नसे.

मी एक कोरी वही काढली आणि पहिल्या पानावर लिहिले, 'काचगिरी: प्रयोग'.

चंद्रभात आधी केला. तांदूळ मिळेना, म्हणून मिलोचा केला. तो लालभडक झाला. "ह्यो ग्रहनातला चंद्र हाय," सुजाता म्हणाली आणि सगळा संपवला. मेघवडीसाठी शेंगदाणे भिजवून, साले काढून, पाट्यावर गंधासारखे वाटले आणि ते साखरेच्या पाकात आटवले. हिमफेणीने मला पाच दिवस छळले. अंड्याच्या पांढऱ्या बलकाशिवाय फेस टिकेना. मग एकदा हरभरे शिजवताना भांड्याच्या कडेला जमणारा फेस पाहिला आणि ते पाणी आटवून, गार करून रवीने घुसळू लागले. अर्ध्या तासाने हात भरून आला, पण भांड्यात पांढरे, ताठ, चकाकणारे शिखर उभे राहिले. मी ओरडलेच. फटीतून गंगूमावशींचे डोके वर आले.

"काय गं शालू, इंचू चावला का?"

"मावशी, बघा! हरभऱ्याच्या पाण्याचा फेस!"

"आगं, कालेजात शिकून हरभऱ्याचं पानीच घुसळायचं हुतं, तर आमी काय वाईट हुतो?" त्या म्हणाल्या आणि मी वर धरलेल्या भांड्यात एक बोट बुडवून चाटले. मग पुन्हा बुडवले.

शुभ्रखीर शेवटी आली, आणि ती मला नवीन शोधावी लागलीच नाही. आमच्याकडे करडईच्या दुधाची खीर आधीपासून होते. करडई कुटून, पाणी घालून वाटायची, फडक्यातून पिळायची. येणारे दूध साधारण म्हशीच्या दुधासारखेच दिसते. त्यात कांडलेला गहू, सुंठ आणि गूळ. माझी भर एवढीच, की गूळ आधी घातल्याने दूध फाटते हे मी तीन वेळा फाडून सिद्ध केले, आणि गुळाऐवजी साखर घालून रंग शुभ्र राखला. करडईची तुरट चव घालवायला बिया आधी गरम पाण्यातून काढल्या. सहाव्या प्रयत्नाला जे जमले, ते दादांनी चाखले आणि वाटी खाली ठेवली. त्यांचा चेहरा उतरला होता. "शालू, हे दूध न्हाई ना?" मी इतकी फुशारले, की त्या प्रश्नातली भीती मला ऐकूच आली नाही. वहीत मी लिहिले: 'परिपूर्ण. फरक ओळखता येत नाही.'

हे वाक्य मी आयुष्यात पुन्हा कधी शाबासकी म्हणून वापरले नाही.

सुजाताने आधी हात पाठीमागेच घेतले. मी तिला समजावले. समजावण्यासाठी मी एक व्याख्या केली, कारण व्याख्या केल्याशिवाय मला चैन पडत नसे. "हे बघ, गाई-म्हशीच्या आचळातून जे येते ते तुला विष. जनावराचे दूध नको. नुसत्या पांढऱ्या रंगाला भ्यायचे कारण नाही." हेच मी गंगूमावशींना सांगितले, वस्तीतल्या बायकांना सांगितले: जनावराचे दूध सोडून काहीही चालेल. तिने घोट घेतला. मग वाटी दोन्ही हातांनी धरली. महिन्याभरात तिचे हात पाठीमागे जाणे थांबले. माझ्या दृष्टीने तो प्रयोगाचा निष्कर्ष होता.

वैशाखी पौर्णिमेला आमच्या विहारात खीर वाटत. विहार म्हणजे पत्र्याची एक खोली, आत बुद्धांची तसबीर आणि समोर सारवलेले अंगण. माझ्या बहिणीचे नाव बुद्धांना खीर देणाऱ्या सुजातेचे, आणि विहारातल्या खिरीला तिने आजवर हात लावला नव्हता. त्या वर्षी जनावरे छावणीत, दूध कुठून आणणार, अशी चर्चा चालली होती, तेव्हा मी पुढे झाले. म्हटले, सगळी खीर करडईची करू. पहिली वाटी सुजाता देईल आणि तिथली खीर पहिल्यांदाच स्वतःही खाईल. बायकांनी करडई गोळा केली. आई त्या दिवशी स्वतःची चांगली साडी नेसली.

सकाळी वंदना झाली. मी मोठे पातेले भरून खीर नेऊन दिली होती. पण बंधाऱ्याच्या दुष्काळी कामावरची माणसे सुट्टी म्हणून अपेक्षेपेक्षा फार जास्त आली, तेव्हा मी आणखी करडई वाटायला घरी परतले. आई पाणी आणायला नदीत गेली. पातेल्यापाशी गंगूमावशी राहिल्या. माझा पाट्यावरचा वरवंटा चालू होता, दूरवर माणसांचा गलका ऐकू येत होता, आणि मी त्या क्षणी खरोखर सुखात होते. पुण्यात प्राध्यापकांना हे सांगायचे कसे, याची वाक्ये मनात जुळवत होते.

दुसरे पातेले घेऊन अंगणात आले तेव्हा सुजाता भिंतीला टेकून बसली होती. तिच्या हातात रिकामी वाटी होती आणि ती तळव्याने ओठ चोळत होती. सावकाश, विचारात असल्यासारखी. मी थांबले. पातेले मी खाली ठेवले की माझ्या हातून सुटले, ते मला आठवत नाही.

"सुजे, काय होतंय?"

"वठांत मुंग्या आल्यात, ताई."

मी पातेल्यातली खीर बोटाने चाखली. करडई होती, सुंठ होती. आणि खाली, जिभेच्या मागच्या बाजूला, शिजल्या दुधाची गोडसर साय.

"मावशी, यात काय घातलंत?"

"काय न्हाई गं! मानसं वाढली, तू घरी, पुरती का न्हाई म्हनून त्या भुकटीचं पानी वतलं." मावशींनी कामावरच्या लेकरांसाठी आलेल्या गोणीकडे हात केला. "पांढरी भुकटी. जनावराचं दूध न्हाई घातलं बघ, तू सांगितल्यालं ध्यानात हाय माझ्या. जनावर हायती कुठं गावात?"

दुधाची भुकटी. ती परदेशातून पोत्यात आली होती. तिला आचळ नव्हते, शिंगे नव्हती, वास नव्हता. मावशींनी माझ्या व्याख्येत ती तंतोतंत बसवून पाहिली होती, आणि ती बसली नाही म्हणून घातली होती.

"मावशी, ती दूधच आहे. वाळवलेलं. गाईचं."

मावशींच्या हातातली पळी पातेल्यात पडली. मी सुजाताला उचलले. तिच्या मानेवर लाल गांधी चढत होत्या, माझ्या डोळ्यांसमोर एकात एक मिसळत होत्या. बंधाऱ्यावर मुरूम वाहणारा ट्रॅक्टर विहारासमोर उभा होता. मी त्याच्या ट्रॉलीत चढले, चालकाला फक्त "बेलापूर, दवाखाना" एवढे म्हणाले, आणि त्याने काहीही न विचारता ट्रॅक्टर हाणला. मागे मावशींचा आवाज येत होता. त्या कोणाचे नाव घेऊन नव्हे, नुसत्याच ओरडत होत्या.

तीन मैल. ते अंतर मी पुढे पुष्कळदा चालले, सायकलने गेले, मोटारीनेही गेले, आणि ते कधीही तितके लांब लागले नाही. ट्रॉलीत मुरमाचा लाल धुरळा होता. मी पदराने तिचे नाक-तोंड झाकावे, तर श्वास अडेल. न झाकावे, तर धूळ जाईल. मला काहीही सुचत नव्हते. चार वर्षे शिकलेले रसायन माझ्यापाशी होते आणि त्यातला एक रेणूसुद्धा उपयोगाचा नव्हता. शिट्टी सुरू झाली होती. आधी श्वास सोडताना, मग घेतानाही. मी मोजू लागले, सवयीने, घड्याळाशिवाय, अंदाजानेच. बत्तीस. अडतीस. मग मोजण्याइतके श्वास वेगळे राहिले नाहीत. तिचे ओठ इतके सुजले होते की ती वेगळीच कोणी मुलगी वाटत होती. तिच्या फटीएवढ्या डोळ्यांनी ती माझ्याकडे पाहत होती, आणि त्यात राग नव्हता. राग असता तर मला बरे वाटले असते.

"मी इचारलं हुतं," ती कशीबशी म्हणाली.

"बोलू नको, सुजे."

"इचारलं, ताईनं केलीय का? मावशी म्हनली, व्हय."

खरेच होते ते. मावशी खोटे बोलल्या नव्हत्या. सुजातानेही विचारायचे टाळले नव्हते. फक्त महिन्यापूर्वी ती 'हे काय हाय' असे विचारत असे. आता 'कुनी केलंय' असे विचारू लागली होती. हा फरक माझ्या वहीत कुठेही नोंदलेला नव्हता. बाभळीच्या वळणावर तिची मान माझ्या दंडावर लवंडली, तेव्हा मी तिला हलवून हलवून हाक मारत राहिले. कोणती हाक मारत होते ते ठाऊक नाही. चालकाने नंतर दादांना सांगितले, की पोरगी सारखी "चुकलं, चुकलं" म्हणत होती.

डॉक्टर जागेवर होते. दाराशीच त्यांनी तिला माझ्या हातून घेतले आणि दंडात इंजेक्शन दिले. मग दुसरे दिले. मला बाहेर बसायला सांगितले, मी बसले नाही. भिंतीला पाठ लावून उभी राहिले आणि आतला आवाज ऐकत राहिले. भीतीचे एक टोक असे असते, की जिथे तुम्हाला शिट्टी थांबायला नको असते, कारण ती थांबण्याचे दोन अर्थ असतात. शिट्टी थांबली. मी आत पाहिले नाही. पाहणे माझ्याने झाले नाही. मग आतून सुजाताच्या खोकल्याचा आवाज आला आणि डॉक्टर म्हणाले, "पाणी आणा." मी खालीच बसले.

पाणी घेऊन गेले तेव्हा ते हात धुत होते. "कोणी दिले?" त्यांनी विचारले.

"मी," मी म्हणाले.

त्यांनी टॉवेलने हात पुसले. "दहा मिनिटे उशीर झाला असता, तर मी तुम्हाला हे विचारलेही नसते," ते म्हणाले.

आई दुपारी चालत आली, अनवाणी, चांगल्या साडीचा काठ धुळीने माखलेला. तिने मला एका शब्दानेही बोल लावला नाही. गंगूमावशी चार दिवस आमच्याकडे फिरकल्या नाहीत. फटीतून बोलणेही येईना. शेवटी आईच त्यांच्या दारात गेली आणि म्हणाली, "गंगे, च्या ठिव. कोरा." त्यावर मावशी मोठ्याने रडल्या, आणि ते रडणे ऐकून मला प्रथमच वाटले की घर पुन्हा सुरू झाले आहे.

सुजाता मात्र माझ्या हातचे खाईना. आईने भाजलेली कोरडी भाकरी, मीठ आणि पाणी, एवढ्यावर तिने आठवडा काढला. मी जवळ गेले की ती सरकून जागा करून देई, पुस्तक वाचून दाखवू देई. पण वाटी पुढे केली की तिचे हात पुन्हा पाठीमागे जात. मी वही चुलीत घातली नाही, तसे करावे असे वाटले तरी. शेवटच्या पानावरचा निष्कर्ष खोडला आणि खाली लिहिले, की पदार्थ खरा वाटावा हे उद्दिष्टच चुकीचे होते. त्याच आठवड्यात निकाल लागला. मला पहिला वर्ग मिळाला. पुण्याला जागाही मिळाली.

मी दादांना सांगितले की मी जात नाही. कारणही सांगितले: मी गेले तर सुजाताकडे लक्ष कोण ठेवील? मला ते कर्तव्य वाटत होते. आज विचार करता, ती भीतीच होती, कर्तव्याची साडी नेसलेली. आई भाकरी थापत राहिली. सुजाता उंबऱ्यावर बसून नववा भाग वाचत होती. तिने पुस्तक मांडीवर उपडे ठेवले.

"तू जा की," ती म्हणाली.

"आणि तुला काही झालं तर?"

"तू घरी असलीस ना, की मी इचारते, कुनी केलंय. तुझं नाव सांगितलं की खाऊन टाकते." बोलताना अजून तिला मधूनच दम लागत असे. "तू नसलीस की इचारीन, ह्यात काय काय हाय."

तिने पुन्हा पुस्तक उचलले आणि पान शोधू लागली. तिने मला क्षमा केली होती की घराबाहेर काढले होते, हे मला त्या दिवशी कळले नाही, आणि पुढे तिला विचारण्याचे धाडसही मी केले नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मी पुण्याला गेले.